पुराखाली जाणारी बाग

दांडिया बाजारातून नदीकडे उतरलं की आमच्या गल्लीच्या मागे, विश्वामित्रीच्या काठाला, दोन एकरांहून थोडी कमी अशी एक जागा लागते. बडोद्याच्या इतक्या मध्यात एवढी जमीन तशीच कशी राहिली, असं पाहुणे विचारतात. ती तशी राहिलीच नव्हती. कुणाचं घर पाडलं की काटमाळ, म्हणजे राडारोडा, तिथे, मांडव उतरला की थर्माकोल तिथे, दुकानाची जुनी फरशी, फुटकी कमोडं, सगळं तिथे. त्यावर गांडो बावळ माजलेली. गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ. त्या काट्यांच्या मागे नदी आहे हे गल्लीतल्या मुलांना फक्त वासावरून कळायचं.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करत निवृत्त झाले. आधी टी-स्क्वेअर, मग ऑटोकॅड. त्यामुळे या जागेची सार्वजनिक बाग व्हावी म्हणून जी खटपट झाली तिच्यातले नकाशे, लेव्हली (जमिनीच्या उंच-सखलपणाची मापं) आणि कचेऱ्या माझ्या वाट्याला आल्या. सह्या गोळा करणं, नगरसेवकांना भेटणं, पेपरवाल्यांना बोलावणं हे इतरांनी केलं आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं केलं. म्हणून इथे नकाशांबद्दल जास्त येईल आणि राजकारणाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

सगळ्यांना कामाला लावलं ते २०२४ च्या पुराने. पावसाळ्यात बडोदेकर दोन आकडे विचारतो: आजवा किती आणि काळा घोडा किती. आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं सरोवर. ते भरून सांडलं की पाणी विश्वामित्रीत येतं. पावागढच्या डोंगराकडून येणारी नदी, आजव्याचा सांडवा आणि शहरावरचा पाऊस हे तिघं एकाच दिवशी भेटले की तळमजला आपला राहत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर ते भेटले. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरची, नदीची पातळी दाखवणारी मोजपट्टी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी आलं, थांबलं आणि गेलं तेव्हा घराघरांत चिखलाचा थर ठेवून गेलं. २०१९ च्या जुलैअखेर एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हाही एवढं घाबरलो नव्हतो.

चिखल काढताना आमच्या शेजारचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ओट्यावर उभे राहून मागच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, हा ढीग जिथे बसलाय तिथे पाणी बसायला हवं होतं." एका ढिगाऱ्याने पूर येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण नदीकाठी असे किती ढिगारे आहेत हे बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय आमच्या हातात होता तो हाच एक.

पहिला प्रश्न, जागा कुणाची. याचं उत्तर प्रत्येकाकडे होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणे गायकवाडांची, कुणी म्हणे देवस्थानची, कुणी म्हणे एका बिल्डरने केव्हाच घेतली आहे. सिटी सर्व्हेत जाऊन प्रॉपर्टी कार्डं काढली, माहिती अधिकारात २० रुपये भरून जुने नकाशे मागितले, टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, एफ फॉर्म (मालक आणि प्लॉटांचा तक्ता) आणि पार्ट प्लॅन मिळवला, आणि सगळं ट्रेसिंग पेपरवर एकावर एक ठेवलं. तीन तुकडे निघाले. एक सरकारी पडतर, म्हणजे पडीक जमीन. दुसरा टीपी स्कीममधला एक फायनल प्लॉट, 'ओपन स्पेस' म्हणून राखलेला. तिसरा खासगी मालकीची एक पट्टी, जी कागदावर जमीन होती आणि प्रत्यक्षात पाणी. वळणावर नदीने ती कापून नेली होती.

दुसऱ्या तुकड्याने आमचं काम सोपं केलं, आणि गुजरातेतल्या मराठी वाचकांच्याही हे कामी येईल म्हणून जरा थांबून सांगते. टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना. १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याप्रमाणे एका भागातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात, प्रत्येकाकडून काही हिस्सा कापतात, आणि उरलेली जमीन सरळ आकाराचा फायनल प्लॉट करून परत देतात. कापलेल्या हिश्शातून रस्ते निघतात, १५ टक्क्यांपर्यंत. आणि ५ टक्क्यांपर्यंत जमीन बागा, मैदानं, मोकळी जागा यांसाठी राखता येते. म्हणजे त्या भागातल्या जमीनमालकांनी या बागेसाठी जमीन आधीच दिलेली होती. नवीन काही मागायचं नव्हतं. जे नकाशावर हिरव्या रंगात आहे ते जमिनीवर आणा, एवढंच म्हणायचं होतं. हा फरक टेबलापलीकडच्या माणसावर फार परिणाम करतो. 'आम्हाला बाग द्या' म्हटलं की तो बजेटकडे बघतो. 'या फायनल प्लॉटचं आरक्षण अमलात आणा' म्हटलं की तो फाइल उघडतो.

जमिनीच्या मापणीला आलेला सर्व्हेअर तरुण होता. साखळी न घेता जीपीएसचं यंत्र घेऊन आला, गांडो बावळच्या काट्यांत शर्ट फाडून घेतला, आणि तिसऱ्या तुकड्याचा कोपरा शोधत काठावर गेला तेव्हा यंत्राने त्याला पाण्यात जायला सांगितलं. तो मागे वळून हसत म्हणाला, "बेन, आ तो नदीनी जग्या छे." मी ते वाक्य पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये वापरलं.

मीटिंगा आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये व्हायच्या, जिथे एरवी गणपतीच्या वर्गणीचे हिशेब होतात. बाग हवी यावर एकमत होतं. बागेत काय हवं यावर जे झालं ते सगळं लिहिता येणार नाही. जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट, गझिबो, नवरात्रात गरब्यासाठी चौक, ज्येष्ठांसाठी शेड, एक छोटंसं देऊळ, महाराजांचा पुतळा. आणि या सगळ्याच्या वर, न लाजता, पार्किंग. गल्लीत गाड्या लावायला जागा नाही हे खरंच आहे. पण नदीकाठी गाड्या उभ्या करण्याची कल्पना, पूर ओसरून महिनाही झाला नसताना, ज्यांच्या गाड्या पुरात वाहून गेल्या होत्या तेच मांडत होते.

आणि मग अहमदाबाद. बडोद्यात नदीवर दोन माणसं बोलायला लागली की तिसरा साबरमती रिव्हरफ्रंट काढतोच. मला तो रिव्हरफ्रंट बघायला आवडतो, संध्याकाळी माणसं तिथे मोकळी फिरतात. पण तो काय आहे हे समजून घ्यायला हवं. साबरमतीचं शहरातलं रुंद, कोरडं पात्र दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती बांधून सगळीकडे सारखं २६३ मीटर केलं, भर घालून सुमारे २०० हेक्टर जमीन काढली, आणि पात्रात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. विश्वामित्री त्या जातीची नदीच नाही. ती अरुंद आहे, शहरातून वळणं घेत जाते, दोन्ही बाजूंना कोतरं आहेत, म्हणजे पावसाने कोरलेल्या घळी. आणि शहरातल्या पावसाचं पाणी ज्यांतून तिला मिळतं त्या कांसांची तोंडं जागोजाग काठावर उघडतात. तिला दोन सरळ भिंती घातल्या तर पाणी भिंतीवरून तरी येईल नाहीतर कांसांतून उलटं तरी येईल. बडोद्यातही रिव्हरफ्रंटची योजना होतीच. पर्यावरणाच्या मुद्द्यावर ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली, २०१६ मध्ये काम थांबलं, आणि मे २०२१ च्या आदेशात नदीचं पूरमैदान आखून घेण्यावर आणि अतिक्रमणं काढण्यावर भर आला. आमच्या अर्जाला त्या आदेशाचा फार आधार झाला. बाग हे अतिक्रमण होऊ नये, एवढंच मग आम्हाला सिद्ध करायचं होतं.

ते शब्दांनी पटत नव्हतं. म्हणून लेव्हली घेतल्या. गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या खांबावर कुणीतरी पूर ओसरताच निळ्या ऑइल पेंटने पाण्याची रेघ मारून ठेवली होती. तोच आमचा बेंचमार्क. एका गवंड्याला बरोबर घेतलं, त्याची पारदर्शक पाण्याची नळी घेतली, जिच्यातल्या दोन टोकांचं पाणी नेहमी एका पातळीत राहतं, आणि त्या निळ्या रेघेपासून खाली मोजत नदीपर्यंत उतरलो. जागा सपाट दिसत असली तरी तिला तीन पायऱ्या होत्या. रस्त्यालगतची वरची पायरी निळ्या रेघेच्या सहा फूट खाली, म्हणजे २०२४ मध्ये तिच्यावर पुरुषभर पाणी होतं. मधली साधारण बारा फूट खाली. आणि खालची, काठाची, वीस फुटांच्याही खाली. काकांनी पुलापासून आमच्यापर्यंतचा नदीचा उतार अंदाजाने धरून दिला आणि मी एक साधा नकाशा काढला: पिवळा भाग मोठ्या पुरात बुडतो, केशरी भाग नदीने धोक्याची पातळी गाठण्याच्या सुमारास बुडायला लागतो, निळा भाग बहुतेक पावसाळ्यांत बुडतो.

हॉलमध्ये तो नकाशा भिंतीला लावला आणि प्रत्येकाला सांगितलं, तुम्हाला जे हवंय त्याची चिठ्ठी त्या-त्या रंगावर चिकटवा, आणि पूर ओसरल्यावर ते कोण दुरुस्त करणार तेही चिठ्ठीवर लिहा. ओपन जिमची चिठ्ठी बराच वेळ एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली. शेवटी ती कुणी लावलीच नाही.

पार्किंगवाले मात्र हटले नाहीत. त्यांना गप्प केलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी. त्या म्हणाल्या, "अरे, गाडी बुडाली तर इन्शुरन्स मिळतो ने? मग लाव की खाली." यावर हॉलमध्ये जे हसू झालं त्यानंतर तो विषय निदान त्या हॉलमध्ये पुन्हा निघाला नाही.

मला सारखा कामाटीबाग डोळ्यांसमोर होता. कागदोपत्री तो सयाजीबाग, १८७९ सालचा. सयाजीराव तेव्हा अजून लहान होते, कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे होता, म्हणजे तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या माणसाकडे. विश्वामित्री त्या बागेच्या आतून वाहते. शंभरावर एकर जागा नदीच्या दोन्ही अंगांना, आणि तिच्यावर बहुतांश झाडं, हिरवळ आणि रस्ते. पुरात प्राणिसंग्रहालयाचे हाल होतात, ते २०२४ मध्येही झाले. पण झाडांचा आणि हिरवळीचा भाग पूर पिऊन घेतो आणि नंतर पुन्हा उभा राहतो. जवळजवळ दीडशे वर्षं बडोद्याच्या मध्यावर नदीला पसरायला एक जागा आहे, आणि ती कुणी बांधून काढली नाही, याचं कारण ती बाग होती. मोकळी पडून राहिली असती तर केव्हाच गेली असती. माझ्या मते आपल्या शहरांत नदीकाठची जमीन वाचवायचा हा एकच उपाय निभावतो: तिला लोकांच्या पायाखाली ठेवायची. रोज शंभर माणसं जिथे फिरतात तिथे ट्रक रिकामा करायला कुणी धजत नाही.

आता मगरी. बडोद्याबाहेरच्या वाचकाला वाटेल हे मी सजावटीसाठी घालते आहे. विश्वामित्रीच्या शहरातल्या पट्ट्यात मगरी आहेत आणि पुष्कळ आहेत. २०२५ च्या सुरुवातीला गणती झाली तेव्हा आकडा चारशेच्या वर गेला. पूर आला की त्या सोसायट्यांत, रस्त्यांवर, एखाद्या छपरावरही येतात, आणि वनखात्याची आणि स्वयंसेवकांची पोरं त्यांना दोरीने बांधून, तोंडाला पट्टी लावून, परत नेतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तेव्हा खालची पायरी आमची की तिची, हा प्रश्न विनोदाचा नव्हता.

उत्तर रबारी भाईंकडून आलं. त्यांच्या म्हशी त्या जागेतून नदीवर उतरतात, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. आमच्यातल्या काहींना बाग म्हणजे म्हशी बंद असं वाटत होतं. मी त्यांना नकाशा दाखवायला गेले तर त्यांनी तो उलटा धरला, नदी स्वतःच्या बाजूला केली, आणि बोटाने दाखवलं: इथे थंडीत ती ऊन खायला येते, इथे बिळ आहे, आणि इथे, या वाळूमिश्र उतारावर, तिने गेल्या उन्हाळ्यात खड्डा केला होता. वन्यजीवांचं काम करणाऱ्या एका मुलाने पुढच्या थंडीत जाऊन बघितलं आणि ते तसंच निघालं. मगर काठावरच्या मऊ जमिनीत खड्डा करून साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालते, पंचवीस-तीस, आणि दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. तेवढे दिवस मादी जवळपास असते आणि कुणाचं ऐकत नाही. ज्या उतारावर आम्ही पायऱ्यांचा घाट कल्पिला होता तोच हा उतार.

घाट गेला. त्याबद्दल बरेच जण हळहळले, कारण चित्रात तोच सगळ्यात छान दिसत होता. खालची पायरी पूर्ण सोडायची असं ठरलं. मध्ये जाळीचं कुंपण घालावं असा एक आग्रह होता. काका म्हणाले, पुरात जाळीला पाला, प्लास्टिक, ओंडके अडकतात, तिचा बांध होतो आणि मग ती खांबांसकट जाते. त्याऐवजी खालच्या कडेला थोर (निवडुंग) आणि करवंदाची दाट वाड, म्हणजे झाडांचं कुंपण, लावली, आणि मधल्या पायरीच्या तोंडाशी, जिथून नदी दिसते, तिथे लांब अंतरावर आडव्या पाइपांचं मजबूत रेलिंग घातलं, ज्यातून पाणी आणि पाला दोन्ही निघून जातात. रबारी भाईंची वाट एका अंगाला तशीच ठेवली. दशामा देवीच्या मूर्ती विसर्जनाला घेऊन येणाऱ्या बायकांचाही प्रश्न होता. त्यांच्यातल्याच दोघी-तिघींनी पुढाकार घेऊन वरच्या पायरीवर पाण्याच्या टाकीची सोय मागून घेतली.

कागदांचा प्रवास मी थोडक्यात आटपते, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. आरक्षणाचा उतारा, मापणीची शीट, पूरपातळीचा नकाशा आणि सह्या असा एकच गठ्ठा केला आणि प्रत्येक ठिकाणी तोच दिला. वांधा-सूचना, म्हणजे हरकती आणि सूचना, मागवल्या गेल्या तेव्हा आम्ही विरोध करणाऱ्यांनाही त्यांचे अर्ज लिहायला मदत केली, म्हणजे नंतर 'आम्हाला विचारलंच नाही' असं कुणी म्हणायला नको. एका टेबलावर आमचा गठ्ठा बरेच महिने झोपला. कुठल्या ते लिहीत नाही, त्याच टेबलावरच्या एका बाईंनी शेवटी तो उठवला, आणि त्यांनी मला दिलेला सल्ला सोन्याचा होता: "बेन, बगीचा लिहू नका एकटं. पूर आल्यावर पाणी साठायची जागा अने बगीचा, असं लिहा. मग दोन हेड उघडतात." हेड म्हणजे बजेटमधलं खातं. बडोद्यातल्या कचेऱ्यांत मराठी अशीच बोलली जाते आणि काम त्याच मराठीत होतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या विश्वामित्रीत गाळ काढण्याचं आणि पात्र रुंद करण्याचं मोठं काम चाललं होतं. त्याच सुमारास आमच्या ढिगाऱ्यालाही हात लागला. जेसीबी आला त्या दिवशी गल्ली गच्चीवर होती. ढिगाऱ्यातून निघालं काय नाही! मोझॅकच्या टाइल्स, ग्रिलं, पाण्याच्या टाक्या, वरच्या थरात थर्माकोल, त्याखाली स्लॅबचे तुकडे. आणि अगदी तळाशी जुन्या वाड्यांच्या चपट्या विटा आणि नक्षी केलेलं एक सागवानी हस्त, म्हणजे तुळईखालचा टेकू. जसजसं खाली जावं तसतसं शहर जुनं होत गेलं. शाबूत विटा बाजूला काढल्या, त्या पुढे बसायच्या ओट्यांना लागल्या. काँक्रीटचे तुकडे फोडून वाटेखालची सोलिंग केली. उरलेलं उचलून नेलं.

किती खणायचं यावर तिथेच वाद झाला. ऑपरेटरला सपाट करून द्यायची सवय. त्याने एकसारखी उतरंड काढायला घेतली. आम्ही त्याला थांबवून दाखवलं की काटमाळ संपून जिथे मूळची पिवळट गाळाची माती लागते तिथे थांबायचं, मग जो आकार निघेल तो निघेल. तीन पायऱ्या जशाच्या तशा उघड्या पडल्या. नळीने काढलेल्या माझ्या लेव्हली अर्ध्या फुटाच्या आत जुळल्या याचा मला झालेला आनंद घरात कुणालाच कळला नाही.

गांडो बावळ मात्र एकदम काढली नाही. ती परदेशी आहे, दुसऱ्या कशाला उगवू देत नाही, हे खरं; पण काठाची माती सध्या तिच्याच मुळांनी धरलेली होती. वरच्या दोन पायऱ्यांवरची आधी काढली. काठावरची तशीच ठेवून तिच्या मध्येमध्ये वाळा, लव्हाळा आणि वाळुंज लावायचं, आणि ही मुळं धरली की मगच तिला टप्प्याटप्प्याने काढायचं असं ठरवलं. वरती करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. गुलमोहर आणि आसोपालव मागणारे अजून नाराज आहेत. लॉन मागणारे तर बोलतही नाहीत माझ्याशी. वाट मुरमाची, पेव्हर नाहीत, कारण पुरात पेव्हरखालची वाळू निघून जाते आणि ब्लॉक दात पडल्यासारखे सुटतात. ओटे विटांचे, भरीव, पाठ नसलेले. दिवे फक्त रस्त्याच्या अंगाला, आणि विजेची पेटी निळ्या रेघेच्या वर, त्यामुळे ती इतकी उंच बसली की वायरमनला शिडी लागते. तो दर वेळी आमच्या नावाने बोटं मोडतो.

पहिला पावसाळा आला तेव्हा खालची पायरी पाण्याखाली गेली आणि मधल्या पायरीवरही एकदा पाणी चढून आलं. ओसरल्यावर वाटेवर पाऊल रुतेल एवढा गाळ. गल्लीतून लगेच सुरू झालं: बघा, बाग बुडाली, पैसे पाण्यात. बुडणारच होती, ती तशीच आखली होती. पण हे सांगून लोकांचं समाधान होत नाही, गाळ निघाला की होतं. तो ओला असेपर्यंत फावड्याने खरवडून निघतो. वाळला की त्याच्या भेगाळ ढेपा होतात, खाली मुरूम उचकटतो, आणि दुप्पट काम पडतं. म्हणून ओसरल्याबरोबर, पहिल्या उन्हाच्या आत, माणसं आणि पाण्याचा टँकर यायला हवा. पोरांनी आणि आम्ही म्हाताऱ्यांनी मिळून त्या वेळी काढला. हे दर वर्षी होणार नाही हे उघड आहे. हौस एक पावसाळा टिकते. खालच्या वाळुंजाच्या काड्यांतल्या बऱ्याच वाहून गेल्या, उरलेल्यांना पालवी आहे. अर्जुन सगळे जगले. करवंदाची वाड अजून गुडघ्याइतकीच आहे आणि तोवर वनखात्याच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी मधली पायरी बंद करतो. कुलूप लावण्याची पाळी ठरलेली आहे, आणि ती पाळण्यावरून रोज कुणी ना कुणी कुणाला फोन करत असतं.

सध्या दोन गोष्टी अडलेल्या आहेत. पहिली, ती नदीने खाल्लेली पट्टी. मालकाचे वारस मुंबईहून येऊन गेले, सभ्य माणसं आहेत, पण बागेशेजारी आपली जमीन आहे म्हटल्यावर त्यांना तिच्यात किंमत दिसायला लागली. मी त्यांना मापणीची शीट दिली आणि काठावर नेऊन उभं केलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि वकिलाशी बोलून कळवतो म्हणाले. दुसरी जास्त महत्त्वाची: बागेच्या देखभालीच्या कंत्राटात गवत कापणं, पाणी घालणं, झाडलोट आणि चौकीदार आहे, पण 'पुरानंतर गाळ काढणे' अशी ओळ नाही. ती नसेल तर तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात वाट गाळाखाली जाईल, माणसं येणं बंद होईल आणि पहिला ट्रक परत येईल. बजेटच्या आधी ती ओळ वेगळ्या रकमेसह घालून घ्यायची आहे. अर्जाचा मसुदा मी केला आहे, गुजरातीतही आणि मराठीतही. सह्यांचा कागद मंडळाच्या हॉलमध्ये ठेवलाय. संध्याकाळी सहानंतर हॉल उघडा असतो.